कासवाच्या पेटीत झाडं लावायची आहेत? आधी हे वाचा

आप्पाच्या पेटीत पहिलं झाड मी सकाळी दहाच्या सुमारास लावलं. पॅन्सीचं, जांभळ्या फुलांचं. बारापर्यंत फुलं संपली, दोनपर्यंत पानं, आणि संध्याकाळी काम आटपून खाली आले तर नुसता बुडखा उरला होता. त्याचं काही वाटलं नाही. पॅन्सी कासवाला चालते हे वाचूनच आणली होती. पोटात गोळा आला तो पुढचं पाहून. साहेब कुंडीच्या मातीतले पांढरे दाणे एकेक करून वेचून खात होते. ते पर्लाइट होतं, म्हणजे तापवून लाहीसारखी फुलवलेली ज्वालामुखीची काच. माती भुसभुशीत राहावी म्हणून नर्सरीवाले ते घालतात. झाड बरोबर होतं, पण झाडासोबत आलेल्या मातीकडे मी बघितलंच नव्हतं.

आप्पा म्हणजे आमचं हर्मन जातीचं कासव, वय वर्षं चार. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे हे कासव पाळणं कायदेशीर आहे आणि बरंच रुळलेलंही आहे. मी मूळची साताऱ्याची, झाडांची आवड घरातूनच आलेली, त्यामुळे ‘झाडं काय, लावू की’ असा माझा आव होता. तो उतरायला दोन महिने लागले. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी मुलांच्या हट्टापायी कासव घेतं आणि मग मला विचारतं, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. माणसाच्या दिवाणखान्यात झाड शोभेचं असतं. कासवाच्या पेटीत शोभेचं झाड नसतं. तिथे जे जे लावाल ते वाढलेलं ताट आहे. ‘हे तो खाणार नाही, नुसतं कोपऱ्यात राहील’ या भरवशावर एकही झाड आत जाऊ देऊ नका.

१. आधी कासव कोणतं ते बघा, आणि त्याचे कागद

मराठीत आपण पाण्यातल्यालाही कासव म्हणतो आणि जमिनीवरच्यालाही. हा लेख जमिनीवर राहणाऱ्या, शाकाहारी कासवांबद्दल आहे, आणि त्यातही भूमध्य समुद्राच्या आसपासच्या जातींबद्दल. हर्मन कासव दक्षिण युरोपातलं. कोरडी, दगडगोट्यांची जमीन, झुडपं आणि भरपूर रानगवती पाला हे त्याचं घर. त्याला चोथा आणि कॅल्शियम भरपूर लागतं. प्रथिनं आणि साखर कमी. दक्षिण अमेरिकेतल्या लाल पायाच्या कासवाला दमट जंगल लागतं, ते फळंही खातं. त्याच्या पेटीसाठी लिहिलेली यादी उचलून हर्मनला लावली तर झाडंही मरतील आणि कासवही आजारी पडेल.

कागदांचं थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये हर्मन कासव विकताना विक्रेत्याकडे आर्टिकल १० चं प्रमाणपत्र, म्हणजे संरक्षित प्राणी विकायची सरकारी परवानगी, असावंच लागतं, आणि ते कासवासोबत तुमच्या हातात यायला हवं. पोटाकडची ढाल ६० मिलिमीटरच्या वर गेली की मायक्रोचिपही लागते. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

भारतात असाल तर गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडचं तारा कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि ते घरात पाळणं गुन्हा आहे. ‘लकी असतं’ म्हणून कुणी देऊ केलं तरी नाही म्हणा. २०१९ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारातही ते सर्वांत कडक यादीत आहे. परदेशी जातीचं कासव असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते.

२. सामान जमवा

फार काही लागत नाही. माझ्याकडे हे असतं:

- मातीच्या जड, बुटक्या कुंड्या (प्लॅस्टिकच्या तो उलथवतो)
- दोन-तीन उथळ ट्रे, बी पेरायला
- खत न मिसळलेली साधी टॉपसॉइल आणि मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू, जिला इथे प्ले सँड म्हणतात
- मुळं धुवायला बादली
- खोडाभोवती ठेवायला चपटे दगड
- एक वही, हिच्याबद्दल पुढे सांगते
- झाडांसाठी वेगळा एलईडी दिवा. कासवाचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा झाडांना पुरत नाही.

३. झाडाचं शास्त्रीय नाव कळल्याशिवाय पुढे जाऊ नका

हे कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. बाजारातली नावं फसवी असतात. इंग्लंडमध्ये ‘मेरीगोल्ड’ म्हणून दोन निराळी झाडं मिळतात. कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस कासवाला चालतं. टॅजेटिस म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू. तो मी पेटीपासून लांब ठेवते. ‘लिली’ या नावाखाली तर इतकी निरनिराळी झाडं येतात की लिली म्हटलं की मी नाहीच म्हणते.

आपल्या भाषेतही हाच गोंधळ आहे. फड्या निवडुंग, म्हणजे ओपन्शिया, कासवांचं उत्तम खाद्य आहे. पण आपण निवडुंग म्हणतो त्यात धारा असलेला, तोडला की पांढरा चीक येणारा तोही येतो. तो युफोर्बिया. त्याचा चीक तोंड, डोळे, आतडी सगळं भाजून काढतो. इथल्या दुकानांतही युफोर्बिया सर्रास कॅक्टस म्हणून विकायला ठेवलेला असतो.

दुसरा सापळा माझ्याच घरात होता. आईला व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवली तर म्हणाली, “अगं, पानफुटी लाव की, औषधी असते, पान टाकलं तरी जगते.” आईचं खोटं नाही, मुतखड्यावर पानफुटी खाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण पानफुटी म्हणजे कलांचो, आणि कलांचोंमध्ये हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आणि झालं असं की, त्याच आठवड्यात मी एका गार्डन सेंटरमधून सहा छोट्या रसाळ झाडांचा ट्रे आणला होता. वर नाव एकच: ‘मिश्र सक्युलंट’. एकेक झाड ओळखत बसले तेव्हा सहातली दोन कलांचो निघाली. तेव्हापासून नियम असा की ज्या कुंडीवर पूर्ण नाव नाही ती घरी येत नाही.

नाव कळलं की ते दोन ठिकाणी तपासा. इथे द टॉर्टॉइज टेबल ही कासवपाळ्यांनीच जमवलेली वनस्पतींची यादी मला सगळ्यात विश्वासाची वाटते. कुत्र्या-मांजरांसाठीच्या याद्या कासवाला लावू नका. तिथे ‘सुरक्षित’ म्हणजे चुकून एखादं पान चघळलं तर चालेल असा अर्थ असतो. कासव रोज चघळणार आहे.

४. काय लावावं

मी झाडांचे तीन गट करते: चरण्यासाठी, अधूनमधून तोंडी लावण्यासाठी, आणि लपायला-सावलीला.

चरण्यासाठी पहिला मान डँडेलियनचा. इंग्लंडमध्ये लोक हिरवळीतून हे तण उपटून फेकतात. आमच्याकडे त्याला पाहुण्याचा मान आहे. मूळ गाजरासारखं खोल जातं, त्यामुळे वरचा पाला फस्त झाला तरी कुंडीतून पुन्हा फुटतं. त्याच्या जोडीला प्लँटेन. हे नाव ऐकून केळं आठवेल, पण हे रस्त्याकडेला उगवणारं, शिरा ठसठशीत दिसणारं रानझाड आहे, प्लँटॅगो. आपला इसबगोल त्याचाच सख्खा चुलतभाऊ. चोथा कशाला म्हणतात ते मग वेगळं सांगायला नको. तिसरं सो थिसल, म्हणजे सॉन्कस. रानभाज्यांत पाथरी खाल्ली असेल तर तिच्याच गोतावळ्यातलं. ही तीन झाडं लावलीत तरी रोजच्या चरण्याचा मोठा भाग सुटला. पांढरं क्लोव्हर थोडं चालतं, पण त्यात प्रथिनं जास्त, म्हणून ट्रेमध्ये चिमूटभरच पेरते.

तोंडी लावायला मॅलो आणि जास्वंद. दोन्ही एकाच कुळातली, आपल्या भेंडीच्या. जास्वंदीचं लाल फूल आप्पाला दिसलं की तो पेटीच्या दुसऱ्या टोकाहून निघतो, आणि कासव संथ असतं हे म्हणणाऱ्याने तेव्हा त्याला बघावं. पॅन्सी, व्हायोला, कॅम्पॅन्युला, कॅलेंड्युला आणि गुलाबाच्या पाकळ्या चालतात, पण गुलाब फुलवाल्याकडचा नको, त्यावर औषधं मारलेली असतात.

रसाळ झाडांत सेम्परव्हायव्हम आणि एकेव्हेरिया निर्धास्त लावा. सेम्परव्हायव्हम थंडी, ऊन, उपासमार सगळं सोसतं आणि आजूबाजूला पिल्लं टाकत राहतं. फड्या निवडुंग बिनकाट्याच्या जातीचा घ्या. तरीही पानावरच्या ठिपक्यांत केसासारखी बारीक कुसं असतात ती खरवडून काढा. माझ्या बोटात तीन दिवस होती, कासवाच्या जिभेत कशाला? सीडमच्या बऱ्याच जाती चालतात, पण सीडम एकर चवीला जळजळीत असतं, ते मी लावत नाही.

घरातल्या पेटीसाठी नवख्या माणसाला एकच झाड सुचवायचं तर मी स्पायडर प्लँट सुचवेन. त्याला दिव्याचं फार कौतुक नाही, पानं खाल्ली तरी चालतात, आणि त्याच्या लोंबत्या पिल्लांना पाण्यात ठेवलं की आठवड्याभरात मुळं फुटतात. विकत घेऊच नका. ओळखीत कुणाच्या तरी खिडकीत ते असतंच. एक पिल्लू मागा. फुकट मिळतं ही गोष्ट आहेच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे त्यावर काय फवारलंय हे देणाऱ्याला विचारता येतं.

लपायला आणि सावलीला बाहेरच्या वाफ्यात, म्हणजे बागेत कासवाला मोकळं सोडायच्या जागेत, लॅव्हेंडर, रोझमेरी आणि हेबे. पहिल्या दोघांना वास उग्र, त्यामुळे कासव त्यांना फारसं तोंड लावत नाही, आणि लावलं तरी हरकत नाही. दुपारच्या उन्हात आप्पा रोझमेरीखाली खड्डा करून बसतो. संध्याकाळी उचलला की त्याच्या पाठीला वास येतो.

५. काय मुळीच लावू नये

पूर्ण यादी देत बसत नाही, ती कधी पूर्ण होत नाही. कुळं लक्षात ठेवा, म्हणजे अनोळखी झाडाबद्दलही अंदाज बांधता येतो.

अळूचं कूळ. कच्चा अळू घशाला का खाजतो? पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात म्हणून. मनीप्लँट, मॉन्स्टेरा, फिलोडेन्ड्रॉन, डायफेनबाकिया, पीस लिली ही सगळी याच घरातली. घरात सहज जगणारी, म्हणून दुकानदार ‘पेटीत लावायला छान’ म्हणून हीच पुढे करतो. आपण अळू चिंच घालून शिजवतो; कासवाकडे तशी सोय नाही. बाहेरच्या वाफ्यात वसंतात लॉर्ड्स अँड लेडीज नावाचं चकचकीत पानांचं झाड आपोआप उगवतं, तेही ह्याच कुळातलं. दिसलं की गड्ड्यासकट काढा.

कंदवाली फुलं. डॅफोडिल, ट्यूलिप, हायसिंथ, लिली ऑफ द व्हॅली. घराच्या आधीच्या मालकाने लावलेले कंद मातीत दडलेले असतात. वाफा हिवाळ्यात केलात तर एक वसंत ऋतू थांबून काय काय वर येतं ते बघा, मगच कासव सोडा. मी थांबले नव्हते, आणि मार्चमध्ये डॅफोडिलचे कोंब बघून धावपळ केली.

बागेतली मोठी माणसं. फॉक्सग्लोव्ह, र्‍होडोडेन्ड्रॉन, यू, लॅबर्नम, आयव्ही, हेलेबोर, बचनागाचा भाऊबंद मंक्सहूड. शेजाऱ्याच्या कुंपणावरून त्यांची पानं आणि शेंगा तुमच्या वाफ्यात पडतात हेही धरा. आमच्या वाफ्याची जागा मी केवळ एका लॅबर्नमच्या झाडामुळे बदलली.

आपल्याकडची ओळखीची झाडं. कण्हेर, सदाफुली, घाणेरी. इथे ही कुंडीतली शोभेची झाडं म्हणून उन्हाळ्यात मिळतात आणि बघून माहेरची आठवण येते. लावायची तर पुढच्या दारी लावा.

आणि स्वयंपाकघरातली: टोमॅटो-बटाट्याचा पाला, ऱ्हुबार्बची पानं. पालक विषारी नाही, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. पेटीत पालक पेरण्यात अर्थ नाही, तो रोज तेच खात बसेल.

६. तण ओळखायला शिका

जमिनीतून आपोआप उगवलेलं तण हे कासवाचं सगळ्यात स्वस्त आणि चांगलं खाणं, म्हणून इथे थोडा वेळ घालवा.

सो थिसलचं कोवळं रोप आणि ग्राउंडसेलचं कोवळं रोप शेजारी शेजारी उगवतं आणि नवख्याला सारखंच दिसतं. ग्राउंडसेल आणि त्याचं मोठं भावंड रॅगवर्ट या दोघांत यकृत बिघडवणारी अल्कलॉइडं असतात. परिणाम साठत जातो, एका दिवसात दिसत नाही. फरक करायची सोपी खूण म्हणजे देठ मोडून बघणं. डँडेलियन आणि सो थिसलमधून पांढरा चीक येतो, ग्राउंडसेलमधून येत नाही.

पण ‘चीक आला म्हणजे चालतं’ असा उलटा नियम करू नका. ‘पेटी स्पर्ज’ (petty spurge, आपल्या पेटीशी संबंध नाही) नावाचं वीतभर, पोपटी, नाजूक दिसणारं तण आहे. तोडलं की दूध येतं आणि ते आहे युफोर्बिया. त्याची पानं लहान, गुळगुळीत, बिनदातेरी. सो थिसलची दातेरी आणि देठाला मिठी मारल्यासारखी. फोटोवरून शिकू नका. कळत्या माणसाबरोबर एकदा बागेत फिरा. इथे शेजारच्या वयस्कर मंडळींना हे पाठ असतं आणि सांगायला आवडतंही.

रस्त्याकडेचं आणि कुत्री फिरवायच्या वाटेवरचं काही आणू नका, तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं. आणि रानातलं झाड मुळासकट उपटून आणणं ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय बेकायदा आहे, १९८१ च्या कायद्याने, मग ते साधं डँडेलियन का असेना. स्वतःच्या अंगणातलं उपटा, किंवा बी आणून पेरा.

७. विकत आणलेलं झाड ‘सोवळ्यात’ ठेवा

बी पेरणं सर्वांत उत्तम. पण जास्वंद किंवा लॅव्हेंडर आपण विकतच आणतो. तेव्हा:

पहिलं, कुंडीतून काढून मुळांवरची सगळी माती बादलीत धुऊन टाका. मातीत काय काय असतं बघा: पांढरं पर्लाइट, पिवळ्या-तपकिरी मोहरीसारख्या दिसणाऱ्या हळूहळू विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या, कधी पाणी धरून ठेवणारी जेली. कासवाला रंगीत, गोल काही दिसलं की ते आधी तोंडात जातं.

दुसरं, साध्या मातीत लावून वेगळं ठेवा. पानावर फवारलेलं औषध पाण्याने जाईल, पण काही कीटकनाशकं झाडाच्या रसातच भिनतात, ती धुऊन निघत नाहीत. निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर २०१८ साली बंद झाला, तरी त्याच गटातलं ॲसिटामिप्रिड घरगुती फवाऱ्यांत अजून मिळतं. मी विकतचं झाड एक पूर्ण वाढीचा हंगाम बाहेर ठेवते, म्हणजे मार्चमध्ये आणलं तर साधारण सप्टेंबरपर्यंत. जुनी पानं खुडून टाकते आणि नवी फुटलेलीच कासवापर्यंत जातात. काही लोक सहा आठवडे पुरे म्हणतात. मला ते कमी वाटतं. घाई कुणाला आहे? कासव पन्नास वर्षं जगतं.

इथे वही कामाला येते. कुंडीवर नंबर, वहीत नंबरासमोर नाव, कुठून आणलं, कधी धुतलं. नाहीतर जूनमध्ये सहा कुंड्या सारख्या दिसतात.

तिसरं, गोगलगायींच्या गोळ्या. मेटाल्डिहाइडवाल्या ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंद आहेत, पण शेडमध्ये जुना डबा पडलेला असू शकतो. बघा आणि पालिकेच्या घातक कचऱ्यात द्या. हिरवळीवर टाकायची तणनाशक मिसळलेली खतंही तशीच. ज्या हिरवळीवर ती पडली ती त्या वर्षी कासवासाठी बंद.

८. लावायचं कसं

कासव म्हणजे छोटा बुलडोझर. ते झाडाला वळसा घालत नाही, झाडावरून जातं. म्हणून झाड थेट पेटीच्या मातीत लावण्यापेक्षा कुंडीसकट काठापर्यंत पुरा आणि खोडाभोवती चपटे दगड ठेवा. दगडांनी खणणं थांबतं, आणि त्यांवर घासून नखंही झिजतात.

पेटीत मी तीन भाग टॉपसॉइल आणि दोन भाग वाळू घालते. ऊब देणाऱ्या दिव्याच्या थेट खाली झाड नको. तिथे ३० ते ३५ अंश तापमान असतं, पानं करपतात. झाडं थंड कोपऱ्यात ठेवा, तिथे मातीला थोडा ओलावा राहतो. लहान कासवांना तो लागतोच.

आता खरी युक्ती. पेटीतली झाडं मरतात, कारण कासवाच्या खाण्याचा वेग झाडाच्या वाढीपेक्षा जास्त असतो. त्यावर दिवा, खत, पाणी काही चालत नाही. झाडाला सुट्टी द्यावी लागते. माझ्याकडे तीन ट्रे आहेत, तिन्हींत डँडेलियन, प्लँटेन, थोडं क्लोव्हर पेरलेलं. एक पेटीत, दोन खिडकीत. पेटीतला भादरून झाला की उचलून खिडकीत, तिथला भरलेला पेटीत. पहिली पेरणी उगवून चरण्याजोगी व्हायला मला दोन महिन्यांच्या वर लागले. कोवळे कोंब दिसले की मुलं म्हणतात, “देऊ या ना!” देऊ नका. मुळं धरली नसतील तर अख्खं रोप एका घासात उपटून येतं.

९. पहिला आठवडा बघत बसा

नवं झाड आत गेलं की आठवडाभर दुसरं नवं काही घालू नका. काही बिघडलं तर कशाने ते कळायला हवं. रोज वजन करा, स्वयंपाकाचा काटा चालतो. शी नेहमीसारखी घट्ट आहे का, डोळे उघडे आहेत का, उन्हात येऊन बसतो का, एवढं बघा.

विषारी काही खाल्ल्याची शंका आली तर उरलेलं झाड आत तसंच ठेवू नका. त्याचा तुकडा पिशवीत घ्या, मुळापासून फुलापर्यंत फोटो काढा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणाऱ्या पशुवैद्याला लगेच फोन करा. साधा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर पुष्कळदा पुढे पाठवतो, म्हणून असा डॉक्टर कासव आणायच्या आधीच शोधून नंबर फ्रिजवर लावा. ब्रिटनमध्ये ॲनिमल पॉयझनलाइन ही चोवीस तासांची सेवा आहे, पैसे घेतात पण सल्ला देतात. दूध, तेल, मीठपाणी असले घरचे उपाय करू नका. आणि ‘अजून तर ठीक दिसतोय’ म्हणून थांबू नका. कासवाचं पचन इतकं संथ असतं की आज खाल्लेल्याचं आज काहीच दिसत नाही.

१०. हिवाळ्याआधी झाडं बाहेर

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हर्मन कासव हिवाळ्यात झोपतं. झोपण्याआधी पोट रिकामं व्हावं लागतं, नाहीतर आतलं अन्न कुजतं. त्यासाठी कासवाच्या आकाराप्रमाणे काही आठवडे खाणं बंद ठेवतात. पहिल्या वर्षी मी ताट बंद केलं, वहीत तारीख लिहिली, आणि नवव्या दिवशी बघते तर ताजी हिरवी शी. मी वाढत नव्हते, पण कोपऱ्यातला स्पायडर प्लँट आणि अर्धा ट्रे होताच की आत. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले.

तेव्हा उपास सुरू करायच्या आदल्या दिवशी कुंड्या, ट्रे, सगळं बाहेर काढा. मातीत कुठे एखादं रोप उगवलंय का तेही बघा. पेटी ओकीबोकी दिसते, आप्पा दोन दिवस रिकाम्या खड्ड्याशी जाऊन उभा राहतो. नंतर तो हिवाळ्याच्या झोपेसाठी फ्रिजमध्ये, पाच अंशांच्या आसपास, आणि झाडं खिडकीत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ट्रेमध्ये नवं बी पेरते. तो उठेपर्यंत दोन तरी ट्रे खिडकीत हिरवे झालेले असतात.